शहराची तिजोरी रिकामी झाली, तर संघाने शहर सोडावं का?

२६ सप्टेंबर २०२४ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ४६,८८९ लोक एका जुन्या, गळक्या स्टेडियममध्ये जमले होते. त्यांच्या अ‍ॅथलेटिक्स संघाने टेक्सास रेंजर्सना ३-२ असं हरवलं. सामना संपला तरी लोक जागेवरून हलेनात, कारण १९६८पासून इथे खेळणाऱ्या या बेसबॉल संघाचा तो ओकलंडमधला शेवटचा सामना होता. संघ आता काही वर्षं सॅक्रामेंटोशेजारच्या एका छोट्या मैदानावर खेळणार आणि नवं स्टेडियम झालं की लास वेगासला जाणार, असं ठरलेलं होतं.

तेव्हा अनेकांनी एक सरळ हिशेब मांडला. ओकलंड अडचणीत आहे, महापालिकेकडे पैसा नाही, गुन्हेगारी वाढली आहे, मग व्यवसाय करणाऱ्या संघाने तिथे का थांबावं? ऐकायला हे पटतं. पण या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ती एकदा उलगडली की माझ्या मते उत्तर असं निघतं: शहराची तिजोरी रिकामी आहे, हे संघाने शहर सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि संघ थांबवण्यासाठी मालक जर तीच तिजोरी मागत असेल, तर शहराने त्याला जाऊ द्यावं. ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतील, पण तशी ती नाहीत.

आधी गल्लत कुठे होते ते पाहू. शहर आर्थिक संकटात आहे असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा महापालिका संकटात असते. अमेरिकेत महापालिकेचं उत्पन्न मुख्यतः तिच्या हद्दीतल्या मालमत्ता करावर आणि इतर स्थानिक करांवर चालतं. पोलीस, अग्निशमन दल, रस्ते, ग्रंथालयं आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा मोठा भार, हे सगळं त्यातून भागवायचं असतं. हद्दीबाहेरच्या उपनगरात कितीही श्रीमंती असली तरी तिथला कर उपनगराच्याच तिजोरीत जातो. बेसबॉल संघाचं उत्पन्न मात्र ही हद्द मानत नाही. तिकीट काढणारा माणूस तासाभराच्या अंतरावरून येतो, टीव्हीवर सामना पाहणारा त्याहूनही लांबचा असतो, आणि जाहिरात देणारी कंपनी सगळ्या परिसराकडे एक बाजारपेठ म्हणून पाहते. महापालिका कंगाल आणि संघ मात्र भरभराटीत, हे त्यामुळे सहज शक्य असतं.

डेट्रॉइटने हे करून दाखवलं आहे. १९५०मध्ये या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०१०च्या जनगणनेत ती सात लाखांच्या आसपास उरली. मोटारींचे कारखाने गेले, गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत गेली आणि कर भरणारे कमी होत गेले. पेन्शनची आणि कर्जाची ओझी मात्र साडेअठरा लाखांच्या शहराच्या मापाची होती. १८ जुलै २०१३ला डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे १,८०० कोटी डॉलरची होती. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एवढ्या मोठ्या शहराने, एवढ्या मोठ्या रकमेची दिवाळखोरी जाहीर केलेली नव्हती. हजारो पथदिवे बंद होते. पुढे तडजोडीत निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्येही कपात झाली.

त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइट टायगर्स या तिथल्या बेसबॉल संघाचे सामने पाहायला तीस लाखांहून अधिक लोक आले. संघ फॉर्मात होता. आदल्या वर्षी तो वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोचला होता आणि मिगेल कॅब्रेराने फलंदाजीतला ‘ट्रिपल क्राउन’ (सरासरी, होम रन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा, या तिन्हींत पहिला क्रमांक) मिळवला होता. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या दोन विभागांपैकी एकात, हा मान त्याआधी १९६७मध्ये कुणाला तरी मिळाला होता. दिवाळखोर शहराच्या मधोमध असलेलं टायगर्सचं मैदान, कोमेरिका पार्क, भरत होतं, कारण भोवतालच्या उपनगरांत पैसा होता आणि लोकांचं संघावर प्रेम होतं. शहर बुडतंय, टायगर्सनी निघावं, असं तेव्हा संघाच्या बाजूने कुणी गांभीर्याने म्हटलं नाही.

टायगर्सचे तेव्हाचे मालक माइक इलिच यांनी लिटल सीझर्स ही पिझ्झाची साखळी उभी केली होती. त्यांची एक गोष्ट डेट्रॉइटमध्ये आजही सांगतात. २००९मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि मैदानातल्या कारंज्यावरची जाहिरात तिला परवडेना. ती मोक्याची जागा दुसऱ्या कुणाला विकता आली असती. इलिच यांनी तिथे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांची नावं फुकट लावली आणि आमचा संघ आपल्या मोटार कंपन्यांच्या पाठीशी आहे, असं लिहिलं. याचा मोसमाच्या जमाखर्चावर फारसा फरक पडत नाही. पण वाईट दिवसांत संघ शहरासोबत कसा उभा राहू शकतो, हे त्यातून दिसतं.

इलिच कुटुंबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच कुटुंबाकडे रेड विंग्ज हा आइस हॉकीचा संघही होता. दिवाळखोरीचा अर्ज होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच मिशिगन राज्याच्या एका मंडळाने रेड विंग्जच्या नव्या रिंगणाच्या योजनेला मंजुरी दिली. त्यात सुमारे २८ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा होता. शहराच्या मध्यभागातून गोळा होणाऱ्या मालमत्ता कराचा एक हिस्सा, त्यात शाळांसाठीचा करही आला, अनेक वर्षं तिकडे वळवण्याची सोय केली गेली. एकीकडे पेन्शनरांना पोटाला चिमटा काढायला सांगायचं आणि दुसरीकडे अब्जाधीशाच्या इमारतीला हातभार लावायचा, हे मला आजही पचत नाही. टायगर्स थांबले म्हणून डेट्रॉइटचं सगळंच बरोबर होतं, असं म्हणता येत नाही ते यासाठीच.

आता ओकलंडकडे वळू. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं हे बंदराचं, कामगारांचं शहर. अ‍ॅथलेटिक्स इथे १९७२, ७३ आणि ७४ असे सलग तीन वेळा विजेते ठरले, मग १९८९मध्ये पुन्हा. ती १९८९ची मालिका खाडीपलीकडच्या सान फ्रान्सिस्को जायंट्सशी होती आणि तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर मोठा भूकंप झाला होता. ओकलंडच्याच गल्ल्यांत वाढलेला रिकी हेंडरसन इथेच मोठा खेळाडू झाला. गरीब संघ म्हणूनही अ‍ॅथलेटिक्सचं नाव झालं. २००२मध्ये कमी पगाराच्या खेळाडूंना घेऊन, आकडेवारीच्या जोरावर त्यांनी सलग २० सामने जिंकले. पैसा कमी असला तरी स्पर्धेत टिकता येतं, हे साऱ्या क्रीडाजगताला या संघाने शिकवलं.

त्यांची खरी अडचण स्टेडियमची होती. १९६६मध्ये बांधलेलं कोलिझियम बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांसाठी होतं, म्हणजे दोन्हींपैकी कशालाच नीट जमत नव्हतं. कधी ड्रेसिंग रूममध्ये सांडपाणी तुंबायचं, कधी दिवे जायचे. नवं मैदान हवं हे कुणीही नाकारत नव्हतं. ते कुठे आणि कुणाच्या पैशाने, यावर वीस वर्षं गेली.

२००६मध्ये फ्रीमाँटची योजना आली. आज ज्या गावात आणि आसपास कितीतरी मराठी घरं आहेत, तेच हे फ्रीमाँट. २००९मध्ये ती बारगळली. मग सॅन होजे. तिथे जायंट्सनी हरकत घेतली, कारण लीगच्या नियमांप्रमाणे तो भाग त्यांच्या ‘हद्दीत’ होता. ही हद्द त्यांना कुणी दिली? अ‍ॅथलेटिक्सचे तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी. १९९०च्या सुमारास जायंट्स अडचणीत असताना शेजारधर्म म्हणून त्यांनी काहीही मोबदला न घेता संमती दिली होती. अ‍ॅथलेटिक्सची वेळ आली तेव्हा जायंट्सनी ती परत केली नाही. सॅन होजे शहर कोर्टात गेलं आणि हरलं. का हरलं, ते समजलं तर या सगळ्या प्रश्नाचं मूळ हाती लागतं.

अमेरिकेत व्यापारातल्या मक्तेदारीविरुद्ध कडक कायदे आहेत. पण १९२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, त्यामुळे ते कायदे त्याला लागू होत नाहीत. हा निकाल आजच्या काळात विचित्र वाटतो, आणि न्यायालयाने स्वतःच १९७२मध्ये ही सवलत विसंगत असल्याचं मान्य केलं. तरी ती कायम ठेवली आणि बदलायचं असेल तर संसदेने बदलावं, असं सांगितलं. परिणाम असा की मेजर लीग बेसबॉलचे तीस मालक मिळून ठरवतात की संघ किती असावेत, कुठे असावेत आणि कुणी कुठे जावं. संघ तीसच, आणि संघ हवा असणारी शहरं त्याहून जास्त. म्हणजे एखादं शहर कायम संघाविना आणि आशेवर ठेवलं की बाकीच्या शहरांना धाक दाखवता येतो. १९८८मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी फ्लोरिडाला जाण्याची धमकी देऊन इलिनॉय राज्याकडून नवं स्टेडियम मिळवलं. ज्या सेंट पीटर्सबर्गचं नाव पुढे केलं होतं, त्याने संघ येईल या आशेवर घुमटाचं स्टेडियम बांधायला घेतलं होतं. त्या शहराला स्वतःचा संघ मिळाला १९९८मध्ये.

शहराने संघच विकत घ्यावा, असं कुणी म्हणेल. सॅन डिएगो पॅड्रेसच्या मालकीण जोन क्रॉक यांनी आपला संघ शहराला दान करायची तयारी दाखवली होती. बाकीच्या मालकांनी ते होऊ दिलं नाही.

ओकलंडच्या वाटाघाटीही याच चौकटीत झाल्या. बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनल या जागेवर अ‍ॅथलेटिक्सनी १,२०० कोटी डॉलरचा प्रकल्प मांडला: ३५,००० आसनांचं स्टेडियम, त्याभोवती तीन हजार घरं, कार्यालयं, हॉटेलं. स्टेडियमचा खर्च आम्ही करू, असं संघ म्हणत होता, पण परिसरातल्या रस्ते, पूल, गटारं वगैरे कामांसाठी सुमारे ८५ कोटी डॉलर भविष्यातल्या करउत्पन्नातून उभे करावेत अशी मागणी होती. जुलै २०२१मध्ये सिटी कौन्सिलने आपल्या बाजूच्या अटींवर मसुदा मंजूर केला. शहर बरंच पुढे आलं होतं. फक्त रोजच्या खर्चाच्या तिजोरीला हात लावायला ते तयार नव्हतं.

या हट्टामागे एक जुनी जखम होती. १९९५मध्ये रेडर्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून परत यावा म्हणून ओकलंड शहर आणि अलामेडा काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) कर्जरोखे काढून कोलिझियम वाढवलं. गोल मैदानाभोवती डोंगर दिसायचे, ते झाकणारी उंच गॅलरी उभी राहिली. रेडर्स २०२०मध्ये लास वेगासला गेले, लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाकडून ७५ कोटी डॉलर घेऊन. त्यांच्यासाठी काढलेलं कर्ज मात्र ओकलंडचे करदाते त्यानंतरही फेडत राहिले. ज्या घराने एकदा असं सोसलं आहे, त्याने दुसऱ्यांदा सही करताना हात आखडता घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

एप्रिल २०२३मध्ये अ‍ॅथलेटिक्सनी लास वेगासमध्ये जागा घेण्याचा करार जाहीर केला. जूनमध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने ३८ कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली. नोव्हेंबरमध्ये तीसही मालकांनी एकमताने स्थलांतराला होकार दिला आणि स्थलांतराचं शुल्कही माफ केलं.

लोकच येत नव्हते, म्हणून संघ गेला, हा युक्तिवाद तेव्हा फार ऐकू आला. आकडे खरे आहेत: २०२२मध्ये वर्षभरात आठ लाख प्रेक्षकही आले नाहीत. पण २०१४मध्ये त्याच गळक्या कोलिझियममध्ये वीस लाख आले होते. मधल्या काळात काय झालं? मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, शॉन मर्फी असे एकेक चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. खेळाडूंवरचा खर्च लीगमध्ये सर्वांत खाली नेला. तिकिटं महाग केली. आणि संघ जाणार, जाणार असं सतत सांगत राहिले. २०२३मध्ये हा संघ ११२ सामने हरला. लोकांना पळवून लावायचं आणि मग लोक नाहीत म्हणायचं, ही मला या प्रकरणातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. १३ जून २०२३ला चाहत्यांनी ‘उलटा बहिष्कार’ केला: ठरवून सगळे आले. मंगळवारची रात्र, लीगमधला सर्वांत वाईट संघ, आणि तरी २७,७५९ प्रेक्षक, हिरव्या शर्टांवर इंग्रजीत ‘सेल’, म्हणजे ‘विका’, असं लिहिलेलं. मालक जॉन फिशर यांनी संघ विकावा, एवढीच त्यांची मागणी होती.

खाडीपलीकडे पाहिलं तर परिसरात पैसा नाही हेही टिकत नाही. जायंट्सनी २०००मध्ये आपलं स्टेडियम बहुतांशी खासगी पैशातून बांधलं. बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ २०१९मध्ये ओकलंड सोडून सान फ्रान्सिस्कोला गेला तोही स्वतःच्या खर्चाने रिंगण बांधून. टीव्हीची बाजारपेठ म्हणून हा परिसर अमेरिकेतल्या पहिल्या दहांत मोडतो, तर लास वेगास चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास. अ‍ॅथलेटिक्स मोठी बाजारपेठ सोडून लहान बाजारपेठेत गेले. तिथे काय जास्त होतं? सरकारी मदत.

तर मग शहराने ती द्यायला हवी होती का? स्टेडियम आलं की रोजगार येतो, हॉटेलं भरतात, कर वाढतो, असं प्रत्येक वेळी सांगितलं जातं. अर्थतज्ज्ञ एरवी फारसे एकमेकांशी सहमत होत नाहीत, पण या प्रश्नावर तीसेक वर्षांच्या अभ्यासातून त्यांचं जवळजवळ एकमत आहे: स्टेडियमवर खर्च केलेला सार्वजनिक पैसा वसूल होत नाही. कारण समजायला सोपं आहे. कुटुंबाचा करमणुकीचा खर्च ठरलेला असतो. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या महिन्यात सिनेमा किंवा हॉटेल टाळतं. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, शहरात नवा येत नाही. त्यातला मोठा वाटा खेळाडूंच्या पगारात जातो आणि खेळाडू बहुधा शहरात राहतही नाहीत. वर्षाला घरच्या मैदानावर सामने ८१. उरलेले दिवस एवढी मोठी जागा बहुतांशी रिकामी. तिथल्या नोकऱ्या हंगामी आणि कमी पगाराच्या. पेन्शन आणि अग्निशमन केंद्रं यांच्यात ओढाताण चाललेल्या महापालिकेने अशा ठिकाणी पैसा अडकवणं म्हणजे आजारात औषधाचे पैसे लग्नाच्या मांडवाला देणं.

पण अर्थतज्ज्ञांच्या आकड्यांत न मावणारं नुकसान खरं असतं, आणि ते मला कमी लेखायचं नाही. कोलिझियम ज्या भागात आहे तो पूर्व ओकलंड हा शहराचा गरीब भाग. तिथे गोरे, काळे, लॅटिनो, आशियाई, बंदरावरचा हमाल आणि सिलिकन व्हॅलीतला इंजिनियर एकाच बाकावर बसून ओरडतील अशा जागा फार नाहीत. पूर्वी तिकिटं स्वस्त होती, लोकल रेल्वेचं स्टेशन दारात होतं. दाणे-बिअर विकणारे, तिकिटं तपासणारे कित्येक जण तिथे दशकानुदशकं काम करत होते. पाच वर्षांत वॉरियर्स, रेडर्स, अ‍ॅथलेटिक्स असे तिन्ही संघ गेले, तेव्हा शहराला आपली पत गेल्यासारखं वाटलं. हे दुःख विकत घेता येत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. फक्त ती किंमत चुकती करायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आहे. आणि अब्जाधीश मालकाकडे ती आधी जाते असं मला वाटतं.

ओकलंडची तंगी खोटी नव्हती. २०२३ला दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात ३६ कोटी डॉलरची तूट दिसत होती. ती भरून काढताना शहराने २०२४मध्ये कोलिझियममधली आपली निम्मी मालकी एका स्थानिक गटाला साडेबारा कोटी डॉलरला विकायचं ठरवलं आणि तो पैसा येणार हे गृहीत धरून खर्च मांडले. हप्ते लांबले. मग काटकसरीची पर्यायी योजना लागू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये काही अग्निशमन केंद्रं तात्पुरती बंद ठेवावी लागली. उरलेली निम्मी मालकी कुणाकडे होती? अ‍ॅथलेटिक्सकडेच, २०१९मध्ये ती त्यांनी काउंटीकडून साडेआठ कोटींना घेतली होती. शहर सोडून जाणारा संघ जागेचा अर्धा मालक, आणि शहर त्याच जागेच्या विक्रीवर आपले बंब चालवायला बघतंय, अशी ती अवस्था होती. माझ्या मते ओकलंडची चूक झाली ती इथे, एकदाच मिळणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावण्यात. स्टेडियमसाठी तिजोरी उघडली नाही यात चूक नव्हती.

कधी संघाने जाणं योग्यही ठरू शकतं. कॅनडातल्या माँट्रियलचा एक्सपोज हा बेसबॉल संघ २००४नंतर वॉशिंग्टनला गेला तेव्हा सामन्याला सरासरी दहा हजारही लोक येत नव्हते, आणि तिथल्या क्युबेक प्रांताच्या सरकारने रुग्णालयं बंद होत असताना स्टेडियमला पैसा देणार नाही अशी भूमिका आधीच घेतलेली होती. मालकांनी तो संघ आधी कुजवला होता हे खरं, पण शेवटी तिथे मागणीच उरली नव्हती. माझी कसोटी अशी आहे: संघाने आधी प्रामाणिकपणे, चांगला संघ ठेवून प्रयत्न केला का, परिसरातल्या खरेदीदाराला विकायची तयारी दाखवली का, आणि जाताना शहराच्या डोक्यावर आपल्यासाठी काढलेलं कर्ज ठेवलं का. तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर संघाला निरोप द्यावा. ओकलंडच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांवर फिशर नापास होतात.

नेवाडातही सगळे खूश नाहीत. तिथल्या शिक्षक संघटनेने शाळांच्या आधी स्टेडियम का, असं विचारत सार्वमताची मागणी केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये तो अर्ज तांत्रिक कारणावरून फेटाळला. नव्या स्टेडियमच्या जागेवरचं ट्रॉपिकाना हॉटेल पाडून झालं, जून २०२५मध्ये पायाभरणी झाली, २०२८चं लक्ष्य आहे. सुरुवातीला दीड अब्ज डॉलर सांगितलेला खर्च दोन अब्जांवर गेला आहे. तोवर संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या चौदा हजारांच्या मैदानावर खेळतो आहे आणि नावापुढे कुठल्याही शहराचं नाव लावत नाही.

ओकलंडमध्ये खेळ थांबलेला नाही. २०२४मध्ये बॉलर्स नावाचा छोटा बेसबॉल संघ सुरू झाला. त्याने पश्चिम ओकलंडच्या एका पालिकेच्या बागेतलं मैदान दुरुस्त करून घेतलं, दोन हजारांवर चाहत्यांना थोडे थोडे पैसे घेऊन भागीदार केलं आणि २०२५मध्ये आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. कोलिझियममध्ये जून २०२५मध्ये मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-२० स्पर्धेचे सामने झाले. पहिल्याच रात्री फिन अ‍ॅलनने १९ षटकार मारत ५१ चेंडूंत १५१ धावा केल्या. खाडीच्या परिसरातले आपल्याकडचे खूप लोक त्या गॅलरीत होते. आता त्या जागेचं पुढे काय करायचं, घरं किती, मैदान किती, हे ओकलंडला ठरवायचं आहे, आणि यावेळी त्या चर्चेच्या टेबलावर निघून जाण्याची धमकी देणारं कुणी बसलेलं नाही.